आग झाली म्हणजे लागू पडली

हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते. बाई स्टुलावर बसते, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडते. खाली गाल लालभडक, जागोजागी पोपडे. मी विचारते, काय लावलं होतं. ती म्हणते, "ट्यूब लावली होती मावशी. लय आग झाली. मी म्हनलं, आग झाली म्हनजे लागू पडली." सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसते. उलट थोडं समाधानच असतं, की सोसलं ते वाया गेलं नाही.

या वाक्याचा मला फार राग येतो. घास जिभेला भाजला तर आपण ताट सरकवतो. चप्पल चावली तर काढून हातात घेतो. मग तोंडावर लावलेलं भाजायला लागलं तर ते धुऊन का टाकत नाही? पायाला जेवढा मान आहे तेवढा तरी गालाला द्यावा. पण बाईच्या गालाची गोष्ट वेगळी. तो तिचा एकटीचा नसतो. त्याच्यावर आईचं, आत्याचं, होणाऱ्या सासूचं, शेजारणीचं लक्ष असतं, आणि ज्यानं त्यानं सांगितलेलं सगळं त्याच्यावर लावून बघायचं असतं.

हे मी कोणाला तोंडावर बोलत नाही. मला बोलता येत नाही, लहानपणापासूनच. चार माणसं जमली की माझा आवाज घशातच राहतो. म्हणून दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा आतल्या खोलीत बसून लिहिते आहे. लिहिताना कोणी मध्ये तोडत नाही.

मेहकरला एका कातडीच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. तिथं मी काम करते. मी नर्स नाही. शिक्षण चौथीपर्यंत. मॅडमनी मला झाडलोटीला ठेवलं होतं. पण बायका मॅडमसमोर पदर बाजूला करायला लाजायच्या आणि माझ्यासमोर लाजत नसत. मी काही विचारत नसे म्हणून असेल. मग मॅडमनी मला हळूहळू हाताशी घेतलं. आता माझं काम असं: कोमट पाण्यानं पेशंटचं तोंड, हात धुऊन द्यायचे, ओल्या सुती कापडाच्या पट्ट्या ठेवायच्या, मॅडमनी लिहिलेलं मलम कसं लावायचं ते लावून दाखवायचं.

ऐकायला यात काहीच नाही. पण घासणं हा आम्हा बायकांच्या हाताचा स्वभाव झालेला आहे. भांडं घासायचं, कपडा घासायचा, लेकरू घासायचं, उरलेल्या जोरात स्वतःला घासायचं. मी त्यांना टिपायला शिकवते. टॉवेल दाबून टिपायचा, ओढायचा नाही. अंग ओलसर आहे तोवरच वरून साधं मलम लावायचं. औषधाचं मलम असेल तर बोटाच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढं, तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. जास्त थापलं म्हणून लवकर बरं होत नाही. साबण कमी. लिंबू नको, सोडा नको, टूथपेस्ट नको. मोबाईलमध्ये एक गोरी बाई हसत हसत हे सगळं गालाला लावते. ती कॅमेरा बंद झाल्यावर काय करते ते आपल्याला कोणी दाखवत नाही.

मॅडम पेशंटला समजावताना 'बॅरिअर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, रस्त्यात पोलीस आडवं लावतात ते. फार चुकलं नव्हतं. कातडीचा सगळ्यात वरचा पापुद्रा आतलं पाणी आत धरतो आणि बाहेरची घाण, जंतू, साबण यांना अडवतो. त्या पापुद्र्यात बारीक बारीक थर असतात आणि थरांच्या मध्ये अंगाचंच तेलकट भरण असतं. घासून, खरवडून, आंबट लावून ते भरण निघून जातं. मग फटी पडतात. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं आत शिरतं, आणि मग साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं.

मला हे सारवणावरून समजलं. माझ्या माहेरी मातीची जमीन होती. शेणमातीनं सारवलेली जमीन मऊ कुंच्यानं झाडली तर टिकते. रोज खराटा फिरवला की तिलाही पोपडे धरतात आणि खालची धूळ वर येते. मग पुन्हा सारवावं लागतं. सारवणं सोपं आहे. अवघड असतं ते त्याच्यावर पाय न देणं. ओल्या सारवणाला दुसरं काही लागत नाही, वाळेपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही एवढंच. कातडीचंही तसंच आहे. भरून ती स्वतःच येते. आपण पाय द्यायचा नसतो. आणि नेमकं तेवढंच आमच्या माणसांना जमत नाही.

एक रिटायर मास्तर यायचे. अंगावर जंतू बसतात म्हणून आंघोळीच्या बादलीत जंतुनाशक ओतायचे. आधी झाकणभर, मग झाकणाची वाटी झाली. पायाच्या नळ्या माशाच्या खवल्यांसारख्या झाल्या. मॅडमनी ते बंद करायला सांगितलं तर म्हणाले, "मंग जंतूइले काय पत्र लिहून कळवू का, येऊ नका म्हनून?" मॅडम हसल्या. मी हसले नाही. त्यांच्यामागे त्यांची बायको उभी होती. तिच्याही आंघोळीची बादली तेच भरून ठेवायचे, आणि तिचे हात त्यांच्या पायांहून वाईट झाले होते. तिला कोणी तपासायला आणलंच नव्हतं. ती फक्त सोबत आली होती.

नायट्याचं तर विचारू नका. एका घरात एक ट्यूब आणि एक टॉवेल, आणि सगळ्यांच्या कमरेला नायटा. ट्यूब मेडिकलमधून बिनचिठ्ठीची आणलेली. लावली की खाज थांबते, सोडली की दुप्पट येते, आणि नायटा कमरेवरून मांडीवर गेलेला असतो. अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड घातलेलं असतं. ते खाजेचं तोंड दाबतं आणि नायट्याला रान मोकळं मिळतं. स्टेरॉइड वाईट नाही. मॅडमही देतात. पण कुठं लावायचं, किती लावायचं आणि थांबायचं कधी, हे आधी सांगून देतात. काउंटरवरचा माणूस थांबायचं कधीच सांगत नाही. का सांगेल?

या सगळ्यांत मला एक म्हातारी आठवते, जिनं काहीच बिघडवलं नव्हतं. टाचांच्या भेगांत मेण आणि तेल वितळवून भरायची, वरून जुने मोजे घालायची. मॅडमनी टाचा पाहिल्या आणि म्हणाल्या, चालू ठेवा. म्हातारी मला म्हणाली, "मले आता कोन पाहाले येनार हाये? म्हनून टाचेले जे मानवलं ते लावलं." तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पाहायला येणारं कोणी नसलं की माणूस कातडीचं ऐकतो.

माझंही तसंच म्हणायचं. मी इतकी काळी, की घरच्यांनी आशाच सोडली होती. माझ्यावर कोणी ट्यूब वाया घालवली नाही, म्हणून माझी कातडी आजही धड आहे.

आता वैष्णवीचं सांगते. तिच्यासाठीच लिहायला बसले.

वैष्णवी बीबी गावची. घरचा भाजीपाला, आई रेखाबाई बाजारात स्वतः भाजी घेऊन बसायची. पोरीचं लग्न मलकापूरला ठरलं, मुलाच्या घरी कापडाचं दुकान. पाहायला आलेल्या बायका चांगल्या बोलल्या, पसंती सांगितली, आणि गाडीत बसता बसता मुलाची आई म्हणाली, "पोरगी चांगली हाये. लगनापर्यंत जराशी उजळली का झालं."

एवढंच. ती बाई हे बोलून विसरलीही असेल. रेखाबाई विसरल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्या गावातल्या पार्लरवालीकडे गेल्या. तिनं एक पांढरी डबी दिली. डबीवर नाव नाही, काही नाही. त्याला 'नवरी क्रीम' म्हणतात. उघडली की गुलाबाचा भपकन वास येतो. डबीतलं कोण कशात कालवतं ते कोणालाच ठाऊक नाही, पण त्यात काय असतं ते मॅडमला तोंडं पाहून कळतं: तेच, नायट्याच्या ट्यूबमधलं स्टेरॉइड.

सुरुवातीला वैष्णवी अशी उजळली की गल्लीतल्या बायका डबी कुठं मिळते ते विचारायला घरी आल्या. मग तिला उन्हात उभं राहवेना. गॅसपुढं राहवेना. गालांवर बारीक लव आली, पुटकुळ्या आल्या. मध्ये डबी संपली आणि पार्लरवाली बाहेरगावी होती. तेवढ्यात चेहरा असा सुजला की डोळे बारीक झाले. तेव्हा माय-लेकी बसनं मेहकरला आल्या.

रेखाबाई मॅडमला म्हणाल्या, "पाहा मॅडम, लावली का तोंड गोरं, बंद केली का तोंड लाल. म्हनजे क्रीम चांगलीच हाये. तुमी फक्त तिच्यापेक्षा भारी लिहून द्या. लगनापर्यंत."

मॅडम म्हणाल्या, "ताई, चेहरा क्रीमनंच बिघडवलाय. लावत राहिलं की ते झाकलं जातं, एवढंच. कातडी पातळ झाली आहे तिची. आता मी देते ते लावायचं. आधी आणखी लाल होईल, मग हळूहळू बसेल. वेळ लागेल."

"लगन जवळ आलं न मॅडम."

"कातडीला लग्न कळत नाही, ताई."

मी पोरीला आतल्या खोलीत घेतलं. कोमट पाण्यात कापूस बुडवून गालाला नुसता टेकवला तर तिनं श्वास आत ओढला. साधं पाणी होतं. मी पुन्हा टेकवला, आणखी हलका. ती छताकडे बघत होती. हळूच म्हणाली, "मावशी, रडलं तरी चुरचुरते. म्हनून मी रडत बी नाही."

मी कापूस वाटीत टाकला. पार्लरवाली, मलकापूरची ती बाई, डबी विचारायला आलेल्या गल्लीतल्या बायका, सगळ्यांना ओळीत उभं करून जाब विचारावा असं वाटलं. पोरीला रडायचीही सोय ठेवली नव्हती. पण बोलले काय, तर "हळू टिपत जा, बाळा." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

मॅडमनी औषधाच्या गोळ्या, लावायला बिनवासाचं पांढरं मलम आणि बाहेर जाताना छत्री सांगितली. येताना मलमाची डबी घेऊन यायची, असा आमचा नियम आहे, किती वापरलं ते दिसतं. पुढच्या खेपेला चेहरा मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आणखी लाल झालेला होता. रेखाबाई बाहेरूनच ओरडत आल्या, "तुमच्या दवाईनं पोरीचं तोंड नासलं. आमचं तोंड आता कोनाले दाखवू?" बाकांवर बसलेले पेशंट बघत होते. वैष्णवीच म्हणाली, "आई, बस वं. आग कमी हाये आता. मले कळते न."

पोरीला कळत होतं. तिनं नेटानं केलं. साबण सोडला, घासणं सोडलं, बाजारात जाणं सोडलं. सूज उतरली. पोपडे कमी झाले. गालाचा रंग तिचा स्वतःचा, गव्हाळ, पण जागोजागी अजून लाल. मी कापूस टेकवला की आता ती श्वास आत ओढत नसे. सारवण वाळायला लागलं होतं.

मग बस्ता आला. आमच्याकडे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं मिळून जातात, त्याला बस्ता म्हणतात. नवरीला दुकानात मध्यभागी बसवून तिच्या अंगावर साड्या टाकून बघतात. म्हणजे पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा एकदा, आणि तोही पांढऱ्या ट्यूबलाइटखाली. बस्ता झाल्यावर माय-लेकी दवाखान्यात आल्या. वैष्णवीनं स्कार्फ सोडला आणि मी बघतच राहिले. चेहरा पांढरा, गुळगुळीत, चकचकीत.

"पाहा मावशी, सुधारलं न," ती म्हणाली. डोळे आनंदानं भरलेले.

मलाही क्षणभर आनंद झाला. मग मी पाणी लावलं आणि तिनं श्वास आत ओढला.

मी डबी मागितली. आमचीच डबी, आमच्या दवाखान्याची चिठ्ठी चिकटवलेली. झाकण काढलं आणि गुलाबाचा वास आला. आमच्या मलमाला वास नाही. मुद्दामच बिनवासाचं देतात. मी रेखाबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. वैष्णवी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती रोज जपून, टिपून टिपून, बोटाच्या पेरानं मोजून तेच विष गालाला लावत होती.

"हे कोनी कालवलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

रेखाबाई बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. "मी कालवलं. वासाचं इचारलं तिनं, तं म्हनलं, मॅडमनं दवाई बदलली. काय करू? तिकडल्या सगळ्या बाया येनार होत्या दुकानात. तुमी काय, तुमी इथं पट्ट्या ठेवता. 'जराशी उजळली का झालं', असं त्या म्हनल्या तवा तुमी होत्या का तिथं? मले पाहून किती जन चहा पिऊन परत गेले, ते मले ठाऊक. माह्या पोरीले पाहून कोनी परत नाही गेलं पाह्यजे."

वैष्णवी उठली. डबी माझ्या हातातून घेतली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. स्टुलावर परत येऊन बसली आणि मला म्हणाली, "मावशी, पुन्हा पहिल्यापासून सांगा."

त्या दिवशी घरी जाताना माझा रेखाबाईंवरचा राग कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं. त्यांच्यावर ठेवावा तर त्या स्वतःच भाजलेल्या. पार्लरवालीवर ठेवला. तिच्याकडची एक डबी मिळवून मॅडमनी आधीच वर तक्रार केली होती. तपासायला माणूस आला त्या दिवशी पार्लरमध्ये फक्त कंगवे आणि मेंदी होती. डबीवर नाव नाही, मग पकडायचं कोणाला? डबीवर नाव नसतं, पण जिच्या तोंडावर ती डबी जाते तिचं नाव सगळ्या गावाला ठाऊक असतं. तिलाच विचारतात, तोंडाला काय झालं वं तुझ्या.

लग्नाआधी वैष्णवीचा फोन आला. चेहरा पुन्हा लाल होऊन आता बसायला लागला होता. ती म्हणाली, "मावशी, हळदीले या. तुमी नाही आल्या तं त्या घासतीन."

मी कधी कोणाच्या कार्यात पुढं बसत नाही. तरी काळीपिवळी जीपमध्ये बसून बीबीला गेले. मांडवात बायकांची दाटी. नवरदेवाकडून उष्टी हळद आली होती, म्हणजे आधी त्याला लावलेली आणि मग नवरीला लावायची. वाटीत तेल, हळद, आणि कोणीतरी हौसेनं अत्तर घातलेलं. वैष्णवी पाटावर बसली होती. तिची आत्या वाटी घेऊन आली आणि तोंडाकडे हात नेला. येताना वाटेत मी मनात सगळं बोलणं तयार केलं होतं. ओल्या सारवणावर पाय देऊ नका, असं म्हणणार होते. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

मग माझा हात गेला. मी वैष्णवीच्या मागं बसले होते. दोन्ही तळवे पुढं नेऊन तिच्या गालांवर धरले. आत्याचा हळदीचा हात माझ्या हातावर पडला.

"बाई, हात काढा. कोन हाये ह्या?"

मी मान हलवली. हात काढला नाही.

"हळदीनं कुठं आग होते का? हळद तं दवाई हाये. अन् झाली जराशी आग तं होऊ द्या, लागू पडंल."

मांडवात काही बायका हसल्या. माझ्या तळव्यांखाली पोरीचे गाल गरम होते. मी तशीच बसून राहिले. आत्यानं माझं मनगट धरलं आणि तेवढ्यात मागून रेखाबाईंचा आवाज आला. "वन्स, सोडा त्याइचा हात." त्या पुढं आल्या, आत्याच्या हातातून वाटी घेतली आणि लेकीच्या पायाशी बसल्या. "पायाले लावायची. तोंडाले नाही. मी आई हाये तिची, मी सांगून राह्यली."

"मंग नवरी पिवळी कशी होईन?" आत्या म्हणाली.

एक म्हातारी कोपऱ्यातून बोलली, "पाय पिवळे होतीन न. तिकडं चालत पायानंच जाईन ती. तोंडानं कोनी चालत नाही."

सगळ्या हसल्या आणि हळद पायाला लागली. रेखाबाईंनी घोट्यापर्यंत लावली, मग पोटऱ्यांना, मग कोपरांना, लावतच राहिल्या. आत्या तोंड फुगवून बाजूला बसली ती लग्न लागेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. माझे हात पुढं कितीतरी दिवस पिवळे होते. मॅडमनी विचारलं, मी सांगितलं, भाजी केली.

लग्न झालं. चेहरा मधूनमधून लाल असलेल्या नवरीशीच झालं. मलकापूरच्या सासूबाई काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. वैष्णवी माहेरी आली की मलम न्यायला यायची. हळूहळू लाली गेली, लव गेली. मॅडमनी मग गोळ्याही बंद केल्या.

परवा दोघी माय-लेकी पुन्हा आल्या. दाखवायला नाही, भेटायला. रेखाबाईंनी पिशवीतून लग्नाचा अल्बम काढला, जाड पुठ्ठ्याचा, आणि माझ्या मांडीवर ठेवला. "पाहा मावशी, पोरगी किती उजळ दिसून राह्यली."

मी पानं उलटली. हळदीचा फोटो, माळेचा फोटो, जेवणाचा फोटो. सगळीकडे वैष्णवी पिठासारखी पांढरी. गालावर एक डाग नाही, नाकाला सावली नाही, मानेपासून खाली मात्र तिचा तिचा रंग. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर केलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. तो सगळ्याच नवरीमुलींना तसं करतो, रेखाबाई कौतुकानं म्हणाल्या. नवरदेवाला मात्र हात लावलेला नव्हता. तो होता तसाच सावळा होता, पानोपानी.

मला बोलायचं होतं. म्हणजे मलकापूरच्या त्या बाईला जे पाहिजे होतं ते एका माणसानं खुर्चीत बसून, कोणाचा गाल न भाजता करून दिलं. मग ती डबी कशासाठी? ते रात्रंदिवस तोंड गुंडाळून बसणं कशासाठी? आणि हे करून दिलं म्हणून त्याचं कौतुक करायचं, की त्यालाही ओळीत उभं करायचं? मी पुढचं पान उलटलं.

वैष्णवी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, ही कोन वं? मी तं हिले वळखतच नाही." आणि हसायला लागली. हसता हसता थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं, गालावरून खाली ओघळलं, तिच्या स्वतःच्या गव्हाळ गालावरून. मी सवयीनं वाटीतला कापूस उचलला आणि पुढं केला.

"राहू द्या मावशी," ती म्हणाली. "चुरचुरत नाही."